इस्त्रीच्या पाण्यातले डोळे

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कडक राहतो. त्याचं खरं नाव खाली पत्रपेटीवर आहे, पण ती पट्टी उन्हानं इतकी उडाली आहे की टपालवाल्याशिवाय कोणाला वाचता येत नाही, आणि टपालवाल्यालाही वाचायचं कारण क्वचितच पडतं. कडक हे नाव स्वभावावरून पडलेलं नाही. स्वभावानं तो पिळून वाळत घातलेल्या रुमालाइतका गरीब. नाव पडलं शर्टावरून. तो लाँड्रीत वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर काम करतो, आणि रोज सकाळी निघताना स्वतःच्या शर्टाला अशी इस्त्री करून निघतो की बाहीच्या कडेनं लोणी कापावं. जायचं कुठे, तर दिवसभर वाफेत उभं राहायला. तिथं पोचल्यावर थोड्याच वेळात त्या शर्टाचं पोतेरं होत असणार. पण जिना उतरताना मात्र गडी लग्नाला निघाल्यासारखा.

या माणसाचा उजवा डोळा जायची वेळ आली होती, आणि डोळा बरा व्हावा असं त्याला काही मनापासून वाटत नव्हतं. ऐकायला विचित्र वाटतं खरं. मलाही वाटलं होतं. तर ते सांगतो.

आमचं घर पहिल्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर खिडकी आहे, तिथं सकाळचं ऊन येतं. घरात सुनेला केर काढताना माझे पाय आड येतात, म्हणून मी आपली खुर्ची घेऊन त्या उन्हात येऊन बसतो. जाणारा-येणारा माझ्यासमोरूनच जातो. कडक रोज जायचा. मी म्हणायचो, निघालास का? तो म्हणायचा, निघालो आजोबा. संध्याकाळी मी म्हणायचो, आलास का? तो म्हणायचा, आलो आजोबा. अशी आमची कित्येक वर्षं गेली. भांडण नाही, तंटा नाही, ओळखही नाही.

एका सकाळी तो उतरला तर चेहरा ओळखू येईना. काहीतरी कमी होतं. नाक जागेवर, कान जागेवर. मग लक्षात आलं, आणि मी विचारलं की बाबा, तुझा चष्मा कुठे?

एवढं विचारल्यावर त्या माणसाला इतका आनंद झाला की तो दोन पायऱ्या उतरून गेलेला परत वर आला. म्हणाला, चार दिवस झाले काढून, आजोबा, तुम्ही पहिलेच. मग त्यानं सगळी हकिगत सांगितली. वाफेनं चष्म्याच्या काचा धुरकट व्हायच्या, पुसायला हात मोकळा नसायचा, आणि त्या भरात कोणाच्या तरी पांढऱ्या कोटाची बाही करपली. लाँड्रीच्या मालकीणबाई म्हणाल्या, डोळ्यांचं काहीतरी कर नाहीतर इस्त्री सोड. म्हणून त्यानं कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या, मऊ जातीच्या, डोळ्यातच बसतात त्या.

मी म्हटलं, दाखव. आता माझं शिक्षण गावच्या शाळेतलं. तिथं एकच गुरुजी, एकच फळा आणि एकच चष्मा. त्या चष्म्याच्या एका काचेला तडा होता, त्यामुळे गुरुजींना एका मुलाची दोन दिसत, आणि आमच्या शाळेची हजेरी पंचक्रोशीत कायम पहिली असे. साहेब तपासणीला यायचे तेव्हा काय व्हायचं ती गोष्ट निराळी. सांगायचं एवढंच, की माझ्या लेखी चष्मा म्हणजे दोरीनं कानाला बांधायची वस्तू. ती डोळ्याच्या आत घालतात हे मला पाहिल्याशिवाय खरं वाटेना.

त्यानं बोटाच्या टोकावर काढून दाखवली. माशाच्या खवल्यासारखी, पाण्याच्या थेंबाइतकी. मी नीट बघायला वाकलो, माझा श्वास लागला, आणि ती उडाली. मग आम्ही दोघं गुडघ्यांवर. वरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन आल्या, त्यांनी विचारलं काय सांडलं, मी म्हटलं याचा डोळा सांडला, तर त्या घाबरून भिंतीला टेकल्या. शेवटी लेन्स सापडली माझ्याच बाहीवर. कडकनं खिशातून एक छोटी बाटली काढली, तिच्यातल्या पाण्यानं लेन्स धुतली आणि पुन्हा डोळ्यात बसवली. मी विचारलं, हे कसलं पाणी? तो अभिमानानं म्हणाला, इस्त्रीचं. अगदी शुद्ध. नळाच्या पाण्यानं इस्त्रीत क्षार साठतो, म्हणून आम्ही हे वापरतो.

मला ते पटलं. इस्त्रीला चालतं ते डोळ्याला का चालू नये?

पुढे काही महिन्यांत त्याचे डोळे लाल व्हायला लागले. आधी संध्याकाळी, मग सकाळीही. येता-जाता रुमालानं पुसायचा. पापण्या सुजायच्या. उतरताना खिडकीशी आला की तोंड फिरवून भिंतीच्या बाजूनं जायचा. मला वाटलं, लोकांनी पाहू नये म्हणून लपवतोय. आणि असं मीच नाही, सगळ्या इमारतीनं धरलं. मोठा माणूस, एकटा राहतो, रोज डोळे लाल, रोज रुमाल. दारू म्हणावी तर वास नाही.

त्याच्या समोरच्या दारात राहणाऱ्या त्या वरच्या काकू म्हणजे आमच्या इमारतीचा जीव. कोणाचं नळाचं पाणी गेलं, कोणाची परीक्षा आहे, त्यांना सगळं ठाऊक. त्यांनीच एका सकाळी जिन्यात त्याला अडवलं. मी खाली बसलेलो, मला स्वच्छ ऐकू आलं.

“भाऊ, विचारू नये, पण कोणी गेलं का घरातलं?”

एक पायरी उतरल्याचा आवाज आला, पुन्हा चढल्याचा. मग तो म्हणाला, “आई.”

झालं. काकूंनी त्याला कामावर जाऊच दिलं नाही. हाताला धरून घरात नेलं, चहा दिला, त्यांच्या मुलाला लाँड्रीत निरोप द्यायला पिटाळलं. दुपारपर्यंत खालच्या वाण्यापासून गच्चीवरच्या टाकीवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं. संध्याकाळी माणसं वर गेली. मीही कठडा धरत धरत गेलो.

त्या दिवशी मी त्याची खोली पहिल्यांदा पाहिली. एक पलंग, त्यावर चादर अशी ताणलेली की वर पैसा टाकला तर उडावा. एक टेबल, घरच्या इस्त्रीसाठी. एक कप. आणि एक खुर्ची. एवढी माणसं आलेली आणि खुर्ची एक, ती त्यानं मला दिली. बाकीचे भिंतीला टेकून उभे. तेव्हा काकू आपल्या घरातून दोन खुर्च्या घेऊन आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी आपल्या आणल्या. वाण्यानं दुकानातलं स्टूल वर पाठवलं. लोक निघाले तेव्हा म्हणाले, राहू देत, उद्या परत यायचंच आहे.

आणि लोक खरंच येत राहिले. डबे यायचे. कोणी काही बोलायचं नाही, बसायचं आणि जायचं. वाणी तर तिथं येऊन दिवसभराच्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी सांगायला लागला, म्हणाला तेवढंच त्याचं मन रमतं. कडक खुर्च्यांच्या मधे बसलेला असायचा, डोळे पुसत. मधेच एखाद्या गोष्टीवर हसायचा. तो हसतो हे मला तेव्हाच कळलं.

पण मला एक गोष्ट खटकत होती. माझी बायको गेली तेव्हा मी पुष्कळ रडलो आहे, त्यामुळे त्या बाबतीत मला थोडी माहिती आहे. रडणारा माणूस अंधारात बसतो तो आपल्या इच्छेनं, उजेड टोचतो म्हणून नव्हे. हा मात्र दिव्याकडे पाठच करून बसायचा, आणि कोणी दार उघडलं की उजेडानं त्याचा उजवा डोळा आपोआप मिटायचा. पाणीही त्या एकाच डोळ्यातून जास्त. दुःख काही एका बाजूनं वाहत नाही.

एकदा सगळे गेल्यावर मी मागे राहिलो आणि तसं त्याला म्हटलं. तो उठून खुर्च्या सरळ करायला लागला. सरळच होत्या त्या. मग म्हणाला, लेन्सनं होतंय, आजोबा. वाळू गेल्यासारखं टोचतं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात.

मी विचारलं, मग आई?

“आई गेलीच आहे. तीन वर्षं झाली.” तो टेबलावरचं कापड सारखं करत होता. “तेव्हा लाँड्रीत सांगितलं, अर्धा दिवस सुट्टी मिळाली. गावी जाऊन आलो, परत आलो, जिना चढलो. तुम्ही विचारलंत, आलास का. मी म्हटलं, आलो. काकूंशी मी खोटं नाही बोललो. कधी गेली, ते त्यांनी विचारलं नाही.”

मी गप्प बसलो. माझ्यासारख्याला गप्प बसणं किती जड जातं ते माझ्या सुनेला विचारा.

मग मी म्हटलं की बाबा, डॉक्टरकडे जा, त्या लेन्स काढून टाक. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, कामाची गर्दी आहे. पुढच्या आठवड्यात म्हणाला, आज जरा बरं आहे. डोळा तर टोमॅटो झालेला. त्याच्या मनात काय होतं हे न कळायला मी काही आंधळा नव्हतो. डोळे निवळले की खुर्च्या जाणार. त्यानं हिशेब केला होता, आणि त्यात डोळा हलका पडत होता.

त्याला शेवटी घाबरवलं ते मी नाही, त्याच्या शर्टानं. एका सकाळी तो उतरला आणि मी पाहिलं, उजव्या बाहीवर इस्त्रीच्या दोन कडा होत्या. एकीशेजारी दुसरी, बोटभर अंतरावर. शिकाऊ पोरगासुद्धा अशी चूक करत नाही. मी बाहीकडे बोट दाखवलं. त्यानं बाही डोळ्यांजवळ नेली. मग डावा डोळा मिटून पाहिली. मग उजवा मिटून पाहिली. आणि तिथंच पायरीवर बसला.

“आजोबा, मला एकच दिसली होती,” तो म्हणाला. “धूसर, पण एकच.”

मी आत ओरडून सुनेला सांगितलं की मी बाहेर जातोय. तिनं विचारलं, कुठे? मी म्हटलं, डोळ्याला. पायात चपला घातल्या आणि त्याला दंडाला धरून घेऊन गेलो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण आवाज आमच्या गुरुजींसारखा. त्यांनी आधी लेन्स काढायला लावल्या, मग डोळ्यात पिवळं औषध घातलं, निळा उजेड टाकला आणि यंत्रातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून विचारायला लागल्या.

ही जोडी किती दिवसांची आहे? कडकनं सांगितलं, घेतली तेव्हापासून हीच. बाई म्हणाल्या, अहो, ही महिन्यात टाकून द्यायची असते. तो म्हणाला, फाटली नाही अजून. झोपताना काढता का? कधी कधी राहून जाते. काढल्यावर ठेवता कशात? इस्त्रीच्या पाण्यात. बाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. त्यानं खिशातली बाटली काढून टेबलावर ठेवली.

“आणि धुता कशानं?”

आता कडक खुलला. या विषयात त्याला गती होती. तो म्हणाला की वस्तू मऊ आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून साधा साबण मी कधीच लावला नाही. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांचा जो सौम्य साबण येतो, पातळ, तो एक थेंब. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं खळबळून काढायचं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला त्यात अजूनही फारसं चुकलेलं दिसत नव्हतं. मग त्यांनी आम्हा दोघांना शाळेतल्या पोरांसारखं समजावलं. लेन्सला कसलंच पाणी लावायचं नाही, नळाचं नाही आणि इस्त्रीचंही नाही. पाणी शुद्ध दिसलं म्हणून त्यात जंतू नसतात असं नाही. लेन्ससाठी वेगळं औषधी द्रावण मिळतं, तेच, आणि तेही रोज नवं. ही मऊ लेन्स स्पंजासारखी असते, साबण शोषून घेते आणि दिवसभर डोळ्यात सोडत बसते. वर झोपेतही घातलेली, म्हणजे डोळ्याला हवा नाही. उजव्या बुबुळावर जखम झाली आहे, अगदी मधल्या भागाजवळ. आणखी थोडी सरकली असती तर नजर गेली असती. आता लेन्स बंद, ती ठेवायची डबी आणि ती बाटली कचऱ्यात, आणि औषधाचे थेंब. आधी तासातासानं, मग कमी. दुखलं किंवा अंधुक झालं तर वाट न पाहता यायचं.

कडकनं एकच विचारलं. “लाली किती दिवसांत जाईल?”

बाईंना वाटलं, बिचारा घाईला आलाय. त्या हसून म्हणाल्या, काळजी करू नका, थेंब वेळेवर घातले तर लवकर जाईल. त्याचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा फक्त मला समजला.

थेंब घालणं सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याला कोणीतरी घालणारं आहे. कडक घरी आरशासमोर उभा राहिला, बाटली वर धरली, आणि पहिला थेंब गालावर, दुसरा कानात, तिसरा त्या कडक कॉलरवर. डोळाच मिटायचा. हातही कापायचा. तो बाटली घेऊन खाली आला, तसा मी त्याला माझ्या उन्हातल्या खुर्चीवर बसवला, मान मागे टेकवायला सांगितली, खालची पापणी बोटानं ओढली आणि थेंब सोडला. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, पहिलीतल्या पोरासारखा.

पहिले काही दिवस तो रजेवर होता, आमच्याच घरी असायचा. घड्याळाचा काटा फिरला की सून आतून ओरडायची, बाबा, डोळा. मग तो कामावर जायला लागला, तेव्हा सकाळी उतरताना एकदा आणि संध्याकाळी चढताना एकदा मी घालायचो. दुपारचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, लाँड्रीत कपडे घ्यायला बसते ती मुलगी घालते.

डोळा सुधारला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचलात. बुबुळावर किंचित डाग राहील, पण नजरेच्या वाटेत नाही. पांढरा भाग पांढरा झाला. जुना चष्मा परत आला. मालकीणबाईंनी इस्त्रीजवळ एक पंखा लावून दिला, वाफ बाजूला जायला. सगळं ठीक झालं.

काकूंनी त्याला जिन्यात थांबवून तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, सावरलात हो भाऊ, बरं वाटलं बघून. त्याला वाटलं, आता तरी खरं सांगावं. तो म्हणाला, काकू, आईला जाऊन तशी बरीच वर्षं झाली. काकू म्हणाल्या, वाटतंच तसं, आपलं माणूस गेलं की दिवस वर्षासारखे जातात. आणि त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते म्हणून त्या आपल्या दोन खुर्च्या घेऊन गेल्या. मग दुसऱ्या मजल्यावरच्या गेल्या. वाण्याला माळ्यावरचा माल काढायला स्टूल लागलं. कोणी वाईट नव्हतं. सांत्वन करून झालं होतं, माणूस बरा झाला होता, डबा कशाला पाठवायचा?

मी मुद्दाम एकदा वर जाऊन पाहिलं. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. फरशीवर खुर्च्यांच्या पायांचे ओरखडे तेवढे राहिले होते.

आता शेवटचं. परवा सुनेनं चादरी दिल्या, म्हणाली लाँड्रीत टाकून या, तेवढंच चालणं होईल. दुपारची वेळ होती. मी पोचलो तर पुढे कोणी नाही. कपडे घ्यायला बसणारी मुलगी म्हणून तिथं कोणी नव्हतीच, मालकीणबाईंची खुर्ची आणि एक घंटी. घंटी वाजवण्याआधी माझी नजर आत गेली. कडक इस्त्रीपाशी उभा होता. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, हात पुसले, खिशातून थेंबांची बाटली काढली, मान मागे टाकली, एका बोटानं पापणी ओढली आणि थेंब सोडला. हात जराही हलला नाही. गालावर काही ओघळलं नाही. मग दुसरा डोळा. माझ्याकडून दहातले तीन थेंब बाहेर जातात.

मी चादरी तिथंच ठेवल्या आणि घंटी न वाजवता परत आलो.

जखमेचं औषध कधीच बंद झालं आहे. हे नुसते ओलाव्याचे थेंब, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून. बाई म्हणाल्या आहेत, लागेल तितके दिवस चालू ठेवा.

त्याच संध्याकाळी तो जिना चढून आला. शर्टाचं पोतेरं झालेलं, चष्मा हातात. बाटली माझ्यापुढे धरली.

“आजोबा, जमत नाही हो अजून.”

“बस,” मी म्हटलं.

तो बसला, मान मागे टेकवली, हात गुडघ्यांवर. मी थेंब घातले, एक नेहमीप्रमाणे कानाकडे गेला. थेंब घातल्यावर थोडा वेळ डोळे मिटून बसायचं असतं. तेवढ्यात मी त्याला आमच्या शाळेत साहेब तपासणीला आले होते ती गोष्ट सांगायला घेतली. साहेबांनी मुलं मोजली ती वेगळी भरली, गुरुजींनी मोजली ती वेगळी भरली. ती तशी छोटीशी गोष्ट आहे. पण त्याचे डोळे मिटलेले होते, तो उठायची काही घाई करत नव्हता, म्हणून मी साहेबांच्या घोड्यापासून सुरुवात केली.